पाच वाद्यं, बॅन्जो सोडून

२ ऑक्टोबर १९८७, शुक्रवार. दसरा.

आजपासून रोजनिशी. कोणी वाचायची नाही. (जया, तुलासुद्धा सांगतोय. धाकटी बहीण असलीस म्हणून काहीही चालणार नाही.)

सद्यःस्थिती लिहून ठेवतो. जयवंत रामनाथ पेडणेकर, वय चोवीस, जोगेश्वरी पूर्व. नोकरी, तात्पुरती: अंधेरी एमआयडीसीत व्हॉल्व्हच्या कारखान्यात टायपिस्ट. खरं काम: रॉक.

वाद्यं येतात: पाच. गिटार, माउथऑर्गन, कॅसिओ, ड्रम, बेस गिटार. बेस गिटार अजून घेतलेली नाही, पण साध्या गिटारच्या जाड तारांवर येते. एफ कॉर्ड नवशिक्यांना जमत नाही म्हणतात; मी मात्र तत्त्व म्हणून वाजवत नाही.

यात बॅन्जो धरलेला नाही. बॅन्जो म्हणजे अण्णांचा. लाकडी पेटी, वर तारा, आणि तारा दाबायला जुन्या टाइपरायटरची बटणं. हळदीत आणि मिरवणुकीत वाजवतात. तो मला सातव्या वर्षापासून येतो, त्यामुळे तो येण्यात काही विशेष नाही.

सकाळी पूजा. अण्णांनी बॅन्जो, ताशा, मोठा ड्रम मांडला आणि मला न विचारता माझी गिटारही मधे ठेवली. हळदकुंकू, झेंडूची माळ. हे रॉकचं वाद्य आहे असं मी सांगितलं. अण्णा म्हणाले, "देवाक सगळी सारकीच." हळदीचं बोट गिटारच्या लाकडात मुरलंय, निघत नाही.

संकल्प:
एक. ३१ डिसेंबरच्या आत स्वतःची कॅसेट.
दोन. १ जानेवारीला राजीनामा. टाइप करून तयार आहे, फक्त तारीख घालायची.
तीन. मोठ्या ड्रमवरचं नाव बदलणे. वीस वर्षं तिथे लिहिलंय: 'श्री रवळनाथ बॅन्जो पार्टी, जोगेश्वरी (पूर्व). बॅन्जो: रामनाथ मास्टर.' हा ड्रम घेऊन स्टेजवर गेलं तर लोक आधी विचारतील, नवरदेव कुठे आहे.

४ ऑक्टोबर, रविवार.

नंदूने बॅन्ड सोडला. तो शेवटचा होता, बाकीचे दोघे जुलैतच गेले. कारण: संगीतविषयक मतभेद. त्याचं म्हणणं, तो ड्रमर आहे पण मी त्याला ड्रमवर बसूच देत नाही. बसू देईन कसा? तो बसला की मग मी काय वाजवणार? गिटार वाजवीन, पण मग ड्रम कोण तपासणार?

मैत्री मात्र कायम. दुबईच्या मेव्हण्याने आणलेला टेपरेकॉर्डर तो मला वापरायला देणार आहे.

६ ऑक्टोबर.

बॅन्ड गेला ते उत्तम झालं. रद्दीवाल्याकडे एक परदेशी मासिक मिळालं. त्यात दिलंय की तिकडे आता इंडिपेन्डन्ट संगीत आलंय. थोडक्यात इंडी म्हणतात. कंपनी नाही, मालक नाही, कोणाचं ऐकायचं नाही. एकच माणूस सगळी वाद्यं वाजवतो आणि घरीच रेकॉर्ड करतो. मासिक १९८१चं आहे. म्हणजे मी फक्त सहा वर्षं मागे आहे. इथले बाकीचे वीस.

अण्णांना समजावून सांगितलं. गिरणीच्या संपात नोकरी गेल्यापासून ते शांत ऐकून घेतात. म्हणाले, मालक नाही हे बरं आहे, पण मग सुट्टी कोणाकडे मागायची?

७ ऑक्टोबर.

माझं नाव ठरलं. सोलो फाइव्ह. माणूस एक, वाद्यं पाच.

जया म्हणाली, डिटर्जंट वाटतो. लक्ष दिलं नाही.

११ ऑक्टोबर, रविवार.

रेकॉर्डिंगची पद्धत, पुढे विसरायला नको म्हणून: दोन टेपरेकॉर्डर (घरचा आणि नंदूचा) समोरासमोर ठेवायचे. पहिल्यावर ड्रम भरायचा. मग पहिला चालू करून त्याच्याबरोबर गिटार वाजवायची, दोन्ही मिळून दुसऱ्यावर उतरतं. मग दुसरा चालू करून कॅसिओ, ते परत पहिल्यावर. असं पाच वाद्यं होईपर्यंत.

गाणं एकच, पण मोठं. 'अलोन इन जोगेश्वरी'. शब्द, चाल माझी. एकटेपणावर आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी खोलीत आई, जया, अण्णा, ताशावाले बळवंतकाका आणि गावाहून आलेल्या दोन मावश्या होत्या. सगळ्यांना श्वास हळू घ्यायला सांगितलं. धाकट्या मावशीला उचकी लागली. ती ड्रमबरोबर ठेक्यात असल्यामुळे राहू दिली.

१३ ऑक्टोबर.

ड्रम भरताना सेल नवे होते, गिटारच्या वेळी उतरत गेले आणि टेप हळू फिरला. त्यामुळे आता ऐकताना गाणं हळू सुरू होतं आणि पुढे पळत सुटतं. माझा आवाज शेवटी जयासारखा येतो. नंदू म्हणाला, वाट लागली रे. मी म्हटलं, याला प्रयोग म्हणतात.

तरी पुन्हा करणार आहे. उद्या ऑफिसला जाण्यापूर्वी, पाचला उठून.

१४ ऑक्टोबर. सकाळी ८.४०.

उठलो नाही. झोप हीसुद्धा तयारीच आहे.

अण्णा हल्ली चहाचा कप दोन्ही हातांनी धरून पितात. आज नीट पाहिलं. जपानात म्हणे तसंच पितात. या वयात नवी स्टाइल उचलली, कौतुक वाटलं.

१८ ऑक्टोबर, रविवार.

परदेशी गाण्यांत आवाज घुमतो. त्यासाठी त्यांच्याकडे मशीन असतं. आपल्याकडे जोगेश्वरीची लेणी आहेत, दीड हजार वर्षं तयार. नंदूला घेऊन गेलो. एका अंधाऱ्या दालनात उभा राहिलो आणि 'अलोन, अलोन' असं तीनदा म्हटलं. घुमलं! अंगावर काटा आला. मग आतून पुजारी आला. कोणी हरवलंय का म्हणून विचारलं. नाही म्हटल्यावर त्याने सांगितलं की देवीसमोर गायचं तर देवीचं गा, नाहीतर बाहेर मैदान आहे.

मिळालेल्या रेकॉर्डिंगमध्ये एक 'अलोन' आहे, बाकी घंटा, आणि कोणा बाईने मुलीच्या लग्नासाठी बोललेला नवस. नवस अगदी स्पष्ट आलाय. पुसावा का? पाप लागेल अशी भीती वाटते. ठेवला. दुसऱ्या कडव्यानंतर येतो.

२२ ऑक्टोबर. दिवाळी.

फटाके. काम बंद. शेजारणीने ड्रम बंद झाला म्हणून चकल्या पाठवल्या.

१ नोव्हेंबर, रविवार.

घरगुती गोष्ट, पण लिहून ठेवतो.

मनोरीच्या लहू कोळ्याच्या मुलीची हळद १२ डिसेंबरला आहे. त्याच्या घरातल्या सगळ्या हळदी आजवर अण्णांच्या पार्टीने वाजवल्या. यंदा पोरांनी हट्ट धरलाय, ऑर्केस्ट्रा पाहिजे, गाणारी बाई पाहिजे. लहू दोघांच्या मधे सापडलाय. त्याने निरोप पाठवला, वाजवण्याची एक कॅसेट पाठवा, ऐकून घरातले ठरवतील. ही हळद गेली तर पार्टी मोडलीच असं बळवंतकाका म्हणतात. गणपतीनंतर दुसरी बोलावणी नाहीत, आणि बाकीचे वाजवणारे वर्सोव्याच्या पार्टीत जायला टेकलेत. अण्णा भिंतीला टेकून बसून राहिले. गिरणी बंद झाली तेव्हाही असेच बसले होते.

मग बॅन्जो घेतला. मी टेप लावून दिला. त्यांनी सुरू केलं, थांबले. पुन्हा सुरू केलं, थांबले. तार उतरलीय म्हणाले. तार ठीक होती. तिसऱ्यांदा थांबल्यावर बॅन्जो माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "तूच वाजव. माझी आज बैठक जमना नाय."

आई चहा टाकत होती, तेवढ्या वेळात मी हळदीची सहासात गाणी वाजवून दिली. एका दमात, एकही चूक नाही. यात कसब काही नाही, बोटं टायपिंगला बसलेलीच आहेत. दुसरी कोरी कॅसेट नव्हती म्हणून माझ्याच कॅसेटच्या मागच्या बाजूला भरलं.

बळवंतकाकांनी डोळे पुसले. त्यांना धुराचा त्रास आहे.

८ नोव्हेंबर, रविवार.

साइड ए पूर्ण झाली! पाचही वाद्यं एका गाण्यात. इतक्या वेळा या टेपवरून त्या टेपवर गेल्याने मागे सतत सूंऽऽ असा आवाज आहे आणि ड्रम शेजारच्या घरात वाजतोय असं वाटतं. वातावरणनिर्मिती.

सगळ्यांना ऐकवलं. आईने विचारलं, संपल्यावर सांगशील ना? जयाने विचारलं, इतकी माणसं घरात असताना तू एकटा कसा? हा प्रश्न मला आवडला नाही. अण्णांनी पूर्ण ऐकलं, शेवटपर्यंत. म्हणाले, "मेहनत आसा." एवढंच.

मेहनत आसा. म्हणजे आवडलं.

१५ नोव्हेंबर, रविवार.

लेबलं टाइप करून आणली, मोठ्या अक्षरांत: सोलो फाइव्ह. दोन्ही बाजूंना लावली. कॅसेट कशीही धरली तरी कलाकाराचं नाव दिसलं पाहिजे. नंदूने विचारलं, मग ए कुठली आणि बी कुठली? म्हटलं, ज्याने वाजवलंय त्याला कळतं.

नंदूने मेव्हण्याच्या टेपवर एक कॉपी काढली, लेबलांसकट. ती मनोरीला गेली.

मोठी बातमी! अंधेरीच्या एका यूथ क्लबची रॉक संध्या, २९ नोव्हेंबर; स्पर्धा आहे, बक्षीसही. सेक्रेटरी चंद्रप्रकाश नावाचा मुलगा आहे, लेदर जॅकेट घालतो, भर दुपारीसुद्धा. त्याने माझं नाव लिहून घेतलं. किती जण विचारलं. एक म्हटलं. वाद्यं? पाच. त्याने पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. प्रभाव पडतोय.

योजना: स्टेजवर टेप लावायचा, त्यातून चार वाद्यं येतील, पाचवं मी प्रत्यक्ष वाजवणार. गिटार हातात, पायाने मोठा ड्रम. असं मुंबईत कोणी केलेलं नाही.

१७ नोव्हेंबर.

अण्णांना सदऱ्याची बटणं हल्ली आई लावून देते. साठीला आले तरी लाड चाललेत. दोघांची गंमत वाटते.

२४ नोव्हेंबर, मंगळवार.

संध्याकाळी लहू कोळी स्वतः आला. मनोरीहून मार्व्याला होडीने, तिथून बस, असा दोन तास प्रवास करून. चेहरा पडलेला. म्हणाला, "मास्तर, तुमची क्यासेट लावली न् आमचा टेप बिघरला." आत कोणी माणूस अडकून ओरडतोय असा आवाज येत होता म्हणे. दुकानात नेला. दुकानदाराने सगळा खोलला, हेड साफ केलं, पट्टा बदलला. तरी माणूस ओरडायचा थांबेना. शेवटी लहूची आई सखुबाई म्हणाली, क्यासेट उलटी करून बघा रे.

उलटी केली. आणि मग, लहू म्हणाला, सगळं घर नाचलं. ऑर्केस्ट्रावाली पोरंसुद्धा. सखुबाईने हुकूम काढला की हीच पार्टी पाहिजे, नाहीतर मी हळदीला बसत नाही. लहूने अण्णांचे हात हातात घेतले आणि म्हणाला, मास्तर, ह्या वयात काय बोटं चालतात तुमची! अण्णांनी हात हळूच सोडवून घेतले आणि पाठीमागे नेले. मी वाजवलंय हे सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. माझं नाव बॅन्जोशी जोडलं जायला नको.

दखल: लहूच्या घरची माणसं रॉकला तयार नाहीत. एका बाजूचं लेबल काढायला हवं, घोटाळा होतो. उद्या काढतो.

२८ नोव्हेंबर, शनिवार.

उद्या रॉक संध्या. तयारी:
गिटार: तार बदलली.
ड्रम: पार्टीच्या नावावर चार्ट पेपर खळीने चिकटवला, वर 'सोलो फाइव्ह' लिहिलं. झकास दिसतं.
राजीनामा: खिशात. उद्या कोणी रेकॉर्ड कंपनीवाला भेटला तर सोमवारीच देईन. (कंपनी इंडीत बसत नाही, पण बोलून तर बघू.)
लेबल: राहिलं. सकाळी.

अण्णांनी विचारलं, मी आलो तर चालेल? म्हटलं, या, पण पुढे बसू नका. स्पीकर मोठे आहेत.

३० नोव्हेंबर, सोमवार.

काल लिहिलं नाही. आजही लिहायचं मनात नाही. पण तारीख राहून जाईल.

संध्याकाळी सहाला माझं नाव पुकारलं. हॉल भरलेला, तीनशे तरी डोकी. अण्णा शेवटच्या रांगेत, स्वच्छ सदरा घालून. मी पायरी चढलो, ड्रम लावला, माइक टेपरेकॉर्डरसमोर ठेवला. कॅसेट घातली. माइकमध्ये इंग्लिशमध्ये बोललो. हे गाणं अशा सगळ्यांसाठी, जे एकटे आहेत. बटण दाबलं.

बॅन्जो लागला.

हळदीचं गाणं. हॉलच्या मोठ्या स्पीकरवर. मी वाजवलेलं, आई चहा टाकत असताना.

मी घाबरून पायाने ड्रम मारला, कारण पाय आधीपासून तयार होता. तिसऱ्या ठोक्याला चार्ट पेपर सुटून खाली आला आणि आतून 'श्री रवळनाथ बॅन्जो पार्टी' दिसली. पहिली शिट्टी आली. मग दुसरी. मग पुढच्या रांगेतली, केस मोकळे सोडलेली, काळे बनियन घातलेली पोरं उठली आणि हात वर करून नाचायला लागली. चंद्रप्रकाश जॅकेट काढून नाचत होता. मी टेप बंद करायला वाकलो तर तो ओरडला, "अरे बंद मत कर यार! चालू ठेव ना!" सात मिनिटं मी गिटार गळ्यात अडकवून पायाने ड्रम वाजवत उभा होतो. गिटारला एकदाही हात लावला नाही. कुठली कॉर्ड लावणार?

नंतर कॅसेट उलटी करून 'अलोन इन जोगेश्वरी' लावलं. नवसापर्यंत पोचलो तोवर हॉलमध्ये अकरा माणसं उरली होती. बाकीची वडापाव खायला गेली. त्या अकरांत अण्णा होते.

बक्षीस नाही. परीक्षक म्हणाले, कुठल्या गटात बसवायचं कळत नाही.

रिक्षात अण्णा बाजूला बसले होते, ड्रम मांडीवर. मला वाटलं, काही बोलतील. घर आल्यावर म्हणाले, "ठेको बरो धरलंस." मला इतका राग आला की जेवलो नाही. कोणावर राग, ते कळलं नाही.

१ डिसेंबर.

विचार केला. दोष लेबलाचा. दुसरं कारण, श्रोते. कलाकाराचा काही दोष नाही.

२ डिसेंबर.

गिटार विकायची की नाही? नाही. फक्त कव्हर घालून माळ्यावर.

३ डिसेंबर.

खाली काढली. माळ्यावर उंदीर आहेत.

६ डिसेंबर, रविवार.

अण्णा म्हणाले, शनिवारी मनोरीला माझ्याबरोबर चल. मी स्पष्ट सांगितलं की पाहुणा कलाकार म्हणून येईन, गिटारवर. बॅन्जोच्या मधे थोडं रॉक टाकता येईल. ते म्हणाले, तुझ्या मनात असेल ते घे, पण चल.

आईने मला बाजूला घेतलं. काही सांगणार होती, पण अण्णा आत आले आणि तिने मिरच्या किती आणायच्या ते विचारलं.

१३ डिसेंबर, रविवार.

काल मनोरी.

दुपारी मार्व्याच्या धक्क्यावर पोचलो. होडीत मोठा ड्रम, ताशा, दोन कर्णे, बळवंतकाका, कोळणी आणि त्यांच्या रिकाम्या पाट्या. ड्रमवर एक कोंबडी येऊन बसली, ती पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत उतरली नाही. मी गिटार डोक्याच्या वर धरली होती, पाणी लागू नये म्हणून. होडीतल्या एका बाईने विचारलं, हा एवढा मोठा चमचा कशाला?

लहूच्या दारात मांडव. नवरी पाटावर बसलेली, बायका हळद घेऊन तयार. चार वाजले. बळवंतकाका ताशावर बसले, ड्रमवाला बसला. अण्णांनी बॅन्जो उघडला, कापडाने पुसला, तारा लावल्या, सगळं मांडलं. मग उठले आणि जागा मोकळी करून माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, मी गिटार आणलीय. ते जवळ आले आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "बोटा आयकनत नाय रे, झिला. गणपतीपासून." डावा हात पुढे केला. शेवटची दोन बोटं आत वळलेली होती. सरळ होत नव्हती.

दसऱ्यापासून मी रोज समोर बसून चहा पितोय त्यांच्या. कप दोन्ही हातांनी. बटणं. मला जपान आठवलं होतं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, रॉक संध्येतसुद्धा नाही.

बसलो. वाजवलं.

चारला सुरू केलं ते आठला थांबलो. सखुबाईने एकच गाणं अकरा वेळा वाजवायला लावलं, आणि दरवेळी नव्याने नाचली. नवरी पाटावरून उठून नाचली. ऑर्केस्ट्रा मागणारी पोरं माझ्याभोवती गोल करून उभी होती. एकाने विचारलं, हा बेन्जो इलेक्ट्रिक होतो काय? मी म्हटलं, होईल. का नाही होणार?

मधे एकदा वर बघितलं. अण्णा मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते, डावा हात मांडीवर. मी ज्या बोटाने बटण दाबत होतो तेच बोट त्यांचं मांडीवर दाबलं जात होतं. पाचांतली तीन बोटं चालत होती, दोन नुसती थरथरत होती. डोळे मिटलेले. त्यानंतर मी चुकायचं नाही असं ठरवलं, आणि चुकलो नाही.

निघताना लहू अण्णांना म्हणाला, मास्तर, हे तुम्ही आधी बोलला नाय, क्यासेटमधी पोरगा व्हता. अण्णा म्हणाले, तुम्ही विचारलं कुठे?

सखुबाईने माझ्या दोन्ही गालांना आणि बॅन्जोला हळद लावली. गिटारला लावायला तिने पिशवी उघडली, तर त्या लाकडाला हळद आधीच लागलेली होती.

गिटार पिशवीतून काढलीच नाही.

१४ डिसेंबर, सोमवार.

नखं पिवळी. टाइप केलेल्या कोटेशनवर हळदीचे डाग. साहेबांनी विचारलं, साखरपुडा? नाही म्हटलं. मग म्हणाले, स्पीड वाढलाय तुझा.

२० डिसेंबर, रविवार.

चंद्रप्रकाश घर शोधत आला. जॅकेटमध्ये. मला वाटलं, पुढची रॉक संध्या. त्याच्या बहिणीचं लग्न आहे, हळद ७ फेब्रुवारीला. म्हणाला, ते स्टेजवर वाजवलंस ते सगळं पाहिजे. मी विचारलं, साइड ए पण? त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ते राहू दे ना यार.

सांगितलं, अण्णांना विचारून कळवतो. अण्णा मागेच उभे होते.

३१ डिसेंबर, गुरुवार.

संकल्पांचा आढावा.

एक. कॅसेट: झाली. (बाजू कुठली, तो वेगळा प्रश्न.)
दोन. राजीनामा: शोधला. आईने मागच्या कोऱ्या बाजूला वाण्याची यादी लिहून तो वाण्याकडे दिलाय.
तीन. ड्रमवरचं नाव: काही केलं नाही. अण्णा दोन दिवस ड्रम बाहेर व्हरांड्यात घेऊन बसलेत, ऑइल पेंटचा डबा आणि जयाचा चित्रकलेचा ब्रश घेऊन. बघायला गेलो तर हाकलतात. जुनं नाव उजळून घेत असतील. बरोबरच आहे, खळीने रंग उडाला होता. माझीच चूक.

पुढच्या वर्षी नवं गाणं. इंडीच. फक्त ७ फेब्रुवारीनंतर.

१ जानेवारी १९८८, शुक्रवार.

ड्रम वाळला.

'श्री रवळनाथ बॅन्जो पार्टी, जोगेश्वरी (पूर्व)' आहे तसंच आहे. त्याखालच्या ओळीवर पांढरा रंग मारलाय, आणि त्याच्यावर नवीन अक्षरं: 'बॅन्जो: जयवंत मास्टर.' अक्षरं वाकडी आहेत. 'जयवंत' सरळ सुरू झालंय, 'मास्टर' खाली घसरलंय आणि शेवटचा र ड्रमच्या कडेवरून पलीकडे गेलाय. पांढऱ्या रंगातून जुनं 'रामनाथ' पुसटसं दिसतं.

मी म्हटलं, नाक्यावरच्या पेंटरने नीट काढलं असतं. अण्णा म्हणाले, "हातान जमला तेवढा केलंय."

मी बॅन्जोवाला नाही, मी पाच वाद्यं वाजवतो, हे सगळं तात्पुरतं आहे, असं त्यांना एकदा शांतपणे सांगायचं मी मनोरीहून परत आल्यापासून ठरवलं होतं. आजचा दिवसही त्यासाठीच धरला होता. तोंड उघडलं. आणि विचारलं, सात फेब्रुवारीला किती वाजता निघायचं?

वाद्यं येतात: एक.